बॅट, पासपोर्ट आणि बारावीचा निकाल

बारावीची परीक्षा संपली की शाळेत येणाऱ्या पालकांचे प्रश्न आम्हाला तोंडपाठ झाले आहेत. फार्मसी बरी की बी.एस्सी.? नीट पुन्हा द्यावी का? मुलीला डी.एड.ला घालावे की थेट बी.ए.ला? गेल्या काही वर्षांत या यादीत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. वडील मोबाइल पुढे करतात आणि हळू आवाजात म्हणतात, "पोराला इंग्लंडहून बोलावणे आलेय म्हणे. क्रिकेटची स्कॉलरशिप. तुम्हीच जरा वाचून सांगा."

आम्ही भाषेचे शिक्षक. मराठी आणि उर्दू शिकवतो. क्रिकेटचे जाणकार नव्हेत; पण कागद नीट वाचणे हे आमचे काम आहे. अशा बोलावण्यांचे कागद वाचता वाचता जे समजले, जे शोधून काढले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण आपल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आज बॅट हातात घेतलेली मुले आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना 'हो' म्हणावे की 'नाही' हे सांगणारे कोणी नाही.

ही देवाणघेवाण मुळात का आहे?

याचे उत्तर ऋतूंत आहे. इंग्लंडमध्ये क्रिकेटचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत तो ऑक्टोबर ते मार्च. एकाकडे थंडी पडते तेव्हा दुसऱ्याकडे मैदाने हिरवी असतात. त्यामुळे शाळा संपवलेला इंग्रज मुलगा हिवाळ्यात अ‍ॅडलेड किंवा केपटाउनला जातो आणि तिकडचा मुलगा मे महिन्यात यॉर्कशायरच्या एखाद्या गावात येतो. क्लब राहायची सोय करतो, मुलगा शनिवारी सामना खेळतो, आठवडाभर मैदानाची कामे करतो, लहान मुलांना शिकवतो. एका वर्षात दोन हंगाम खेळायला मिळतात आणि घराबाहेर राहायची सवय लागते.

आपला हंगामही हिवाळ्याचाच. म्हणजे इंग्लंडमध्ये खेळ ऐन रंगात असतो तेव्हा आपल्याकडे पाऊस कोसळत असतो. मुंबईकरांनी त्यावरही तोड काढली. १९४८ पासून डॉ. एच. डी. कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. ओली खेळपट्टी, गुडघ्यापर्यंत वाढलेले गवत, ढगाळ हवा. इंग्लंडच्या हवेची तालीम घरबसल्या मिळावी अशीच ती जागा. पण कांगा लीग झाली तरी घरचीच. परक्या मुलखात महिनोन्महिने एकट्याने राहून खेळणे ही वेगळी शाळा आहे.

या शाळेतून कोण कोण गेले

१९७६-७७ च्या हिवाळ्यात इंग्लंडचे चार तरुण शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले. इयन बॉथम, माइक गॅटिंग, बिल अ‍ॅथी आणि ग्रॅहॅम स्टीव्हन्सन. चौघेही पुढे इंग्लंडकडून कसोटी खेळले. बॉथम तर त्यांच्या देशाचा सर्वांत मोठा अष्टपैलू ठरला. ही शिष्यवृत्ती देणारी कंपनी होती व्हिटब्रेड, म्हणजे बिअर गाळणारा कारखाना. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

न्यूझीलंडचे मार्टिन क्रो विशीच्या आतच लॉर्ड्सच्या मैदानावरील उमेदवार खेळाडूंत दाखल झाले. या उमेदवारांना सराव मिळे, पण सभासदांना गोलंदाजी टाकणे, रोलर ओढणे, धावफलक-पत्रिका विकणे हीही कामे असत. पुढे रॉस टेलर त्याच वाटेने गेले. ऑस्ट्रेलियात भारतीय मुलांसाठी अ‍ॅलन बॉर्डर आणि सुनील गावस्कर यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. सुरेश रैना त्यातून तिकडे शिकून आले.

आपल्या मुंबईतून कैलास गट्टानी यांच्या स्टार क्रिकेट क्लबने शाळकरी आणि कॉलेजच्या मुलांना इंग्लंडचे दौरे घडवले. सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचे पहिले परदेशी खेळाडू म्हणून १९९२ मध्ये गेले, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्याआधीच या क्लबबरोबर त्यांनी इंग्लंडची हवा पाहिलेली होती. विरारचा पृथ्वी शॉ २०१२ मध्ये मँचेस्टरजवळच्या चीडल ह्यूम शाळेत खेळायला गेला. वय बारा-तेरा. दोन महिन्यांत त्याने १,४४६ धावा केल्या आणि ६८ बळी घेतले.

या नावांत आपली नावे शोधायचा मोह आम्हालाही होतो. चिपळूणजवळच्या काळुस्त्याचे गुलाम पारकर १९८२ मध्ये लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले. श्रीरामपूरचे झहीर खान इंजिनीअरिंगची वाट सोडून मुंबईला आले, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडले. पण झहीर यांचा परदेशाशी खरा उपयोगाचा संबंध आला तो २००६ मध्ये. भारतीय संघातून बाहेर पडले होते, वय सत्तावीस. त्या उन्हाळ्यात वुस्टरशायर कौंटीकडून त्यांनी ७८ बळी घेतले आणि परतले ते वेगळेच गोलंदाज होऊन. २०११ च्या विश्वचषकात त्यांचे २१ बळी होते. म्हणजे परदेशचा हंगाम अठराव्या वर्षीच मिळाला पाहिजे असे नाही. जो घरी आधी घडला, त्याला परदेश जास्त फळतो. ही गोष्ट घाई झालेल्या मुलाला सांगणे फार कठीण जाते.

जमातीने पाठवलेला खेळाडू

एका माणसाची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगितली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या सिग्नल हिल टेकडीवर बेसिल डी'ऑलिव्हेरा राहत. शेजारीच बो-काप ही जुनी मुस्लिम वस्ती. आपल्या कोकणातली कित्येक घराणी ज्या केपटाउनला जाऊन स्थायिक झाली, तेच हे शहर. डी'ऑलिव्हेरा छापखान्यात काम करत आणि सुट्टीच्या दिवशी खडबडीत माळरानावर चटईची खेळपट्टी अंथरून शतके ठोकत. पण ते गोरे नव्हते. वर्णभेदाच्या त्या राज्यात त्यांना स्वतःच्या देशाकडून खेळायची मुभा नव्हती, गोऱ्यांच्या मैदानावर पाय ठेवायची नव्हती.

त्यांनी इंग्लंडमधले क्रिकेट समालोचक जॉन आरलॉट यांना पत्रे लिहिली. ओळख ना पाळख. आरलॉटनी खटपट केली आणि १९६० च्या हंगामासाठी लँकेशायरमधल्या मिडल्टन या क्लबने त्यांना घेतले. मोबदला ४५० पौंड. त्यातून घरचे भागवायचे, तिकडे राहायचे, आणि विमानाचे भाडे वेगळेच. पत्नी गरोदर. डी'ऑलिव्हेरा नाही म्हणायच्या बेतात होते. तेव्हा केपटाउनच्या वस्तीने पैसे उभे केले. सामने भरवले, सोडती काढल्या, दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. गोऱ्या खेळाडूंच्या एका संघानेही त्यांच्या मदतीसाठी सामना खेळला.

तिकडे पोहोचल्यावर पहिले काही आठवडे वाईट गेले. थंडी, ओल्या खेळपट्ट्या, चेंडू बॅटवर येईना. सवयीने ते गोऱ्यांसाठी वेगळा आणि काळ्यांसाठी वेगळा दरवाजा शोधत राहत. क्लबने आणि गावातल्या लोकांनी धीर धरला. हंगाम संपला तेव्हा त्या लीगच्या फलंदाजीच्या सरासरीत ते सर्वांत वर होते. त्याच लीगमध्ये गॅरी सोबर्सही खेळत होते! १९६६ मध्ये ते इंग्लंडकडून कसोटी खेळले. १९६८ मध्ये ओव्हलवर त्यांनी १५८ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी अखेर त्यांची निवड झाली, आणि त्या सरकारने अशा संघाला येऊ देणार नाही म्हटल्यावर इंग्लंडने दौराच रद्द केला. वर्णभेदी दक्षिण आफ्रिका खेळाच्या जगात एकाकी पडत गेली, त्याची एक मोठी पायरी ही होती.

ते काही शाळा सोडलेले पोर नव्हते. अठ्ठावीस वर्षांचे गृहस्थ होते. तरी ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. पैसे कोणी दिले ते सर्वांना ठाऊक होते. क्लब कोणता, मोबदला किती, मध्यस्थ कोण, सारे उघड होते. आणि पहिल्या महिन्यात धावा झाल्या नाहीत म्हणून त्यांना कोणी वाऱ्यावर सोडले नाही. चांगल्या शिष्यवृत्तीची आमची व्याख्या इतकीच आहे.

साडेचार लाखांचे 'स्कॉलरशिप'

आमच्याच शाळेतल्या एका मुलाची हकीकत सांगतो. डावखुरा फिरकी गोलंदाज. वडील बाजारात टेम्पो चालवतात. जिल्ह्याच्या संघात दोन वर्षे खेळला. बारावीची परीक्षा संपते न संपते तोच दुसऱ्या शहरातल्या एका एजंटाचे पत्र आले. इंग्लंडच्या एका क्लबमध्ये पूर्ण हंगामाची 'एक्स्चेंज स्कॉलरशिप', राहणे मोफत. खालच्या ओळीत साडेचार लाख रुपये, दोन हप्त्यांत. आई बांगड्या काढून द्यायला तयार होती. वडिलांनी टेम्पोवर आणखी कर्ज काढायचे ठरवले होते. मुलगा तर मनाने केव्हाच विमानात बसला होता.

आम्ही आणि आमच्या इंग्रजीच्या सहकारी बाई, दोघांनी मिळून ते पत्र तीनदा वाचले. क्लबच्या बारमध्ये आणि मैदानावर आठवड्याला पंधरा तास काम, लहान मुलांना प्रशिक्षण, आणि व्हिसा मात्र साधा पाहुण्याचा. आम्ही मुलालाच बसवले आणि क्लबच्या सचिवांना ई-मेल लिहायला लावला. पत्ता एजंटाने दिलेला नव्हे, क्लबचा स्वतःचा. तीनच प्रश्न: तुम्ही मला बोलावले आहे का, माझ्याकडून काय काम अपेक्षित आहे, आणि हे पैसे कशाचे आहेत?

दोन दिवसांत उत्तर आले, तेही अतिशय सभ्य. क्लब खरा होता. त्यांना फिरकी गोलंदाज खरेच हवा होता. एका कुटुंबाच्या घरी राहायची व्यवस्था करू, म्हणाले. बारमध्ये उभे राहणे तुझ्या मनाला पटत नसेल तर आम्ही आग्रह धरणार नाही. साडेचार लाखांबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हते.

त्या रात्री वडील मुलाला एवढेच म्हणाले, "एक साल ठहर जा, बेटा." मुलगा आठ दिवस घरात कोणाशी बोलला नाही. त्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. खेळाडूच्या आयुष्यात अठरावे वर्ष एकदाच येते, आणि वर्ष गमावणे म्हणजे काय हे टेम्पो चालवणाऱ्या बापाला किंवा फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या आम्हाला पुरते कळणार नाही. पण आईच्या हातात बांगड्या आहेत. मुलाने बी.कॉम.ला नाव घातले, मुंब्र्याला मामूंच्या घरी राहून पावसाळ्यात कांगा लीगच्या एका संघाकडून खेळला. त्या सचिवांशी त्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. जाईल की नाही, ते पुढचे पुढे. गेला तर कोणाच्या दलालीशिवाय जाईल.

नियमांची बारीक अक्षरे

या निमित्ताने आम्ही ब्रिटनच्या व्हिसाचे नियम वाचले. ते प्रत्येक पालकाने वाचावेत. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला साधारण सहा महिने राहता येते आणि हौशी खेळाडू म्हणून खेळता येते. पगारी काम करता येत नाही. मग 'हौशी' कोण? इथेच खरी मेख आहे. तिकडच्या नियमांत 'व्यावसायिक खेळाडू' ही व्याख्या आपल्याला वाटते त्याहून खूप रुंद आहे. गेल्या दोन वर्षांत राज्याच्या किंवा विभागाच्या संघाकडून खेळलेला मुलगा, मग तो सतरा वर्षांखालील संघ का असेना, त्या व्याख्येत येऊ शकतो. प्रवासाचा आणि राहण्याचा बहुतेक खर्च ज्याला खेळाच्या बदल्यात मिळतो, तोही येऊ शकतो. आणि खेळायची संधी मिळवून देण्यासाठी ज्याने एजंट नेमला आहे, तोसुद्धा. म्हणजे "सगळे माझ्यावर सोडा, पाहुण्याच्या व्हिसावर पाठवतो" असे सांगणारा एजंट, त्याच्या नुसत्या असण्यानेच, मुलाचा अर्ज अडचणीत आणू शकतो. विमानतळावरून परत पाठवले गेले तर पुढच्या प्रत्येक अर्जात ती नोंद सांगावी लागते.

गोऱ्या देशांतली मुले एकमेकांकडे सहज जातात, कारण त्यांच्यासाठी तरुणांचे खास व्हिसा आहेत. भारतीयांसाठी ब्रिटनने २०२३ मध्ये अठरा ते तीस वयासाठी अशी एक योजना उघडली, पण तिला पदवी लागते आणि सोडतीत नाव निघावे लागते. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तसाच दरवाजा उघडला, तिथेही नुसती बारावी पुरत नाही, पुढचे शिक्षण लागते. शिवाय ब्रिटनच्या त्या योजनेत व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला मनाई आहे. विद्यार्थी व्हिसावरही तीच मनाई आहे, आणि पैसे घेऊन प्रशिक्षण देणेही त्यातच मोडते. नियम बदलत असतात. अर्जाच्या दिवशीचा नियम सरकारी संकेतस्थळावरच पाहावा. मुलगा राज्य संघटनेकडे नोंदलेला असेल तर तिचा ना-हरकत दाखलाही आधी घ्यावा.

घर, ताट आणि नमाज

आता व्हिटब्रेडकडे येऊ. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातला क्लब म्हणजे मैदान आणि त्याला लागून बार. बरेच क्लब बारच्या उत्पन्नावर चालतात. केव्हिन पीटरसन २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून कॅनॉकच्या क्लबकडे आले तेव्हा क्लबच्याच एका खोलीत राहून बारमध्ये कामही करत. आपल्या मुलाला तिथे कोणी वाईट हेतूनेच बोलावते असे नाही. त्यांची ती रोजची बैठक आहे. पण मुलाला आधी सांगायला हवे, आणि क्लबलाही.

सांगितल्यावर लोक समजून घेतात, याची उदाहरणे आहेत. हाशिम आमला दक्षिण आफ्रिकेच्या जर्सीवर बिअरचे बोधचिन्ह न लावता वर्षानुवर्षे खेळले. जानेवारी २०२२ मध्ये अ‍ॅशेस जिंकल्यावर पॅट कमिन्सने सहकाऱ्यांना शॅम्पेन उडवणे थांबवायला लावले आणि उस्मान ख्वाजाला छायाचित्रासाठी बोलावून घेतले.

दुसरी बाजूही लपवू नये. अझीम रफिक कराचीहून लहानपणी यॉर्कशायरला आलेला मुलगा. पुढे इंग्लंडच्या १९ वर्षांखालील संघाचा कर्णधार झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्याने सांगितले की पंधराव्या वर्षी स्थानिक क्लबमध्ये त्याला धरून बळजबरीने तोंडात दारू ओतली होती. जून २०२३ मध्ये तिकडच्याच स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. त्यांच्या पाहणीत उत्तर देणाऱ्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या लोकांपैकी ८७ टक्के, भारतीय वंशाच्यांपैकी ८२ टक्के लोकांनी क्रिकेटमध्ये भेदभाव सोसल्याचे सांगितले. हे आकडे घाबरून घरी बसण्यासाठी नाहीत. मुलाला "काही झाले तर सहन कर, करिअरचा प्रश्न आहे" असे सांगून पाठवू नये, यासाठी आहेत. इंग्लंडच्या क्लबमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असते. मुलगा अठराच्या आतला असेल तर तिचे नाव आणि फोन नंबर विमानात बसण्यापूर्वी अम्मीच्या मोबाइलमध्ये हवा.

काही गोष्टी वाटतात तितक्या अवघड नाहीत. क्लबचे मुख्य सामने बहुधा शनिवारी असतात, जुमा मोकळा मिळतो. येत्या काही वर्षांत रमजान हिवाळ्याकडे सरकतो आहे, म्हणजे इंग्लंडच्या हंगामात रोजे येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या हंगामात मात्र येतात. इंग्लंडमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे इशा फार उशिरा आणि फजर फार लवकर. झोपेचे गणित आधीच बसवावे लागते. बोल्टन, ब्लॅकबर्न, ब्रॅडफर्ड, लेस्टर इथे मशिदी आणि हलाल दुकाने मुबलक आहेत. एखाद्या आडगावच्या क्लबमध्ये मुलाला भात, डाळ, अंडी स्वतः रांधता आली पाहिजेत. जो मुलगा घरी पाण्याचा ग्लासही उचलत नाही, त्याची तयारी नेटमध्ये नव्हे, स्वयंपाकघरात सुरू करावी.

मुलींचे काय?

हा प्रश्न आम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून आम्हीच विचारतो. २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, त्याच वर्षी भारताच्या १९ वर्षांखालील मुलींनी विश्वचषक जिंकला. स्कॉटलंडची लेगस्पिनर अब्ताहा मकसूद हिजाब घालून इंग्लंडच्या 'द हंड्रेड' स्पर्धेत खेळली आहे. आपल्या सांगलीची स्मृती मानधना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड दोन्हीकडे खेळून आली आहे. आपल्या घरातली मुलगी चांगली खेळत असेल तर तिच्या पत्राचीही तितक्याच बारकाईने छाननी करावी. छाननी म्हणजे नकार नव्हे.

परत येताना हातात काय?

शिक्षक म्हणून आमचा जीव अडकतो तो इथे. हजारो मुले खेळतात, कसोटीपर्यंत मोजकी पोहोचतात. एका हंगामानंतर मुलगा परत आला, राज्य संघाने विचारले नाही, आणि दरम्यान कॉलेजचे वर्षही गेले, तर तो कुठे उभा राहणार? इंग्लंडमध्ये हा प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांचे माजी सलामीवीर ग्रॅम फाउलर यांनी १९९६ मध्ये डरहॅम विद्यापीठात असे केंद्र उभे केले की मुलाने पदवीही घ्यावी आणि व्यावसायिक दर्जाचे क्रिकेटही खेळावे. पुढे केंब्रिज, ऑक्सफर्ड, लफबरो, कार्डिफ, लीड्स-ब्रॅडफर्ड इथेही तशी केंद्रे झाली. म्हणजे ज्यांनी हा खेळ जगाला दिला, त्यांनीही 'आधी शिक्षण की आधी क्रिकेट' हे भांडण दोन्ही एकत्र ठेवून मिटवले.

आपल्याकडे सोय इतकी नीट नाही, पण वाट आहे. जाण्याआधी पदवीला प्रवेश घेऊन ठेवावा, मुक्त विद्यापीठाचा का होईना. तिकडे असताना पंच, प्रशिक्षक, मैदान-निगा यांपैकी कशाचे रीतसर शिक्षण मिळते का ते क्लबला विचारावे. खेळपट्टी कशी तयार करतात हे शिकून आलेला मुलगा उद्या उपाशी राहणार नाही. इंग्रजी बोलण्याची भीड गेली तर तीही कमाईच.

पालकांना आम्ही एकच सांगतो. मुलीची सोयरीक आली की आपण काय करतो? घराणे पाहतो, चार ठिकाणी चौकशी करतो, मुलगा काय करतो ते स्वतः जाऊन विचारतो, देण्याघेण्याचे आधीच स्पष्ट बोलतो. परदेशच्या बोलावण्यालाही तीच रीत लावा. क्लबशी थेट बोला. या आधी तिथे गेलेल्या दोन मुलांचे फोन नंबर मागा. पैसे कोण कोणाला देतो ते लिहून घ्या. ज्याला 'शिष्यवृत्ती' म्हणतात तिच्यासाठी आपल्यालाच लाखो मोजावे लागत असतील तर ती सहल आहे. परवडत असेल तर खुशाल जावे, पण कर्ज काढून नव्हे. दुखापत झाली तर विमा कोणाचा, परतीचे तिकीट कोणाचे, हे प्रश्न निघाल्यावर जो चिडतो, त्याच्या हाती पोर सोपवू नये.

आणि सारे प्रश्न विचारून झाल्यावर, उत्तरे नीट मिळाल्यावर, केवळ "आपल्यात कोणी गेले नाही" म्हणून मुलाला अडवू नये. केपटाउनच्या त्या वस्तीतही त्याआधी कोणी गेले नव्हते. आपल्या जमातींच्या संस्था डॉक्टरकी-इंजिनीअरिंगच्या मुलांना वजिफा देतात, ते फार चांगले करतात. त्या यादीत एखाद्या वर्षी जिल्ह्यातला एखादा खरोखर गुणी खेळाडू, मुलगा किंवा मुलगी, का असू नये? कागद तपासायला आम्ही शिक्षक आहोतच.